काऊंटरखालची डबी

टेनोफोविरची तीस गोळ्यांची डबी पांढरी, प्लॅस्टिकची असते. तिच्यावरचं लेबल मी ब्लेडने खरवडून काढलं होतं आणि त्या जागी कॅल्शियमच्या गोळ्यांचं लेबल चिकटवलं होतं. पांढुर्ण्यातल्या माझ्या मेडिकलच्या काऊंटरखाली, जुन्या बिलबुकांच्या मागे ती डबी अडीच वर्षं होती. डबी संपली की नवी यायची, पुन्हा ब्लेड, पुन्हा लेबल. दुकानातल्या पोराला त्या खणाला हात लावायची मनाई होती.

लपवायचं कारण साधं होतं. हेच औषध एचआयव्हीवरही चालतं आणि औषधाच्या धंद्यातल्या कुणालाही ते नावावरून कळतं. ते सुरू करण्याआधी माझी एचआयव्हीची तपासणी झाली होती, कारण तो आजार सोबत असला तर ही एकटी गोळी देऊन चालत नाही. ती निगेटिव्ह आली. पण ते गावाला कोण सांगणार? नागपूरच्या स्टॉकिस्टकडून मी एका गिऱ्हाइकाच्या नावावर डबी मागवायचो. ते गिऱ्हाईक अस्तित्वातच नव्हतं. त्याचं नाव, वय, गाव मी इतकं नीट ठरवलं होतं की एकदा स्टॉकिस्टने "पेशंट कसा आहे" असं विचारल्यावर मी "बरा आहे, कामाला जातो" म्हणून मोकळा झालो.

मला हेपटायटिस बी आहे हे कळलं 2009 साली. रक्तदान शिबिरात बाटली दिली आणि काही दिवसांनी फोन आला की तुमचं रक्त वापरता येणार नाही, येऊन भेटा. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. यकृताचं एसजीपीटी नॉर्मल, विषाणूंची संख्याही अगदी कमी. ते म्हणाले, सध्या औषध नको, पण दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी करत राहा, आणि घरच्यांची तपासणी करून घ्या.

यातलं 'सध्या' मी ऐकलंच नाही. 'औषध नको' तेवढं ऐकलं. आणि 'घरचे' म्हणजे कोण, हे मी रेशनकार्डावरून ठरवलं. कारण न सांगता बायकोची तपासणी केली, मुलाची केली. दोघंही निगेटिव्ह, दोघांनाही लस देऊन टाकली, आणि डॉक्टरांचं ऐकल्याचं समाधान घेऊन दुकानात बसलो. माय, धाकटा भाऊ, सौसरला दिलेली बहीण यांचा विचारही मनात आला नाही. खरं तर आला होता. पण बहिणीच्या सासरी कळलं तर काय, धाकट्याच्या बायकोच्या माहेरी कळलं तर काय, असा तो विचार लगेच दुसरीकडे वळायचा.

शिवाय मला हा आजार कुठून आला याचं एक कारण मी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, असे एकमेकांवर दगड चालतात. 1991 साली, सतराव्या वर्षी, माझं डोकं फुटलं होतं. सहा टाके पडले. त्या काळी सुई-सिरिंज उकळून पुन्हा वापरायचे. तेव्हा तिथूनच आलं असणार. हे कारण मला फार आवडायचं. त्यात थोडी मर्दुमकी होती आणि मुख्य म्हणजे ते माझ्यापाशीच संपत होतं. माझा दगड, माझं डोकं, माझा आजार.

2010 ते 2014 मी एकही तपासणी केली नाही.

या मधल्या काळातली एक गोष्ट आहे, ती आधी सांगून टाकतो. 2012 साली बहिणीला दुसरा मुलगा झाला. मी पेढे घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो होतो. गरोदरपणात हेपटायटिस बीची तपासणी तेव्हा सगळीकडे होत नसे, तिची झालीच नव्हती. माझं रक्त काय म्हणतं हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. मी पाळण्याशी उभा होतो. सिस्टर आल्या, बाळाची मांडी मोकळी केली, अर्ध्या मिलीचं इंजेक्शन दिलं आणि कार्डावर तारीख टाकली. "कशाचं आहे?" बहिणीने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "काविळीची लस. आता सगळ्या बाळांना देतो, जन्मल्याच्या चोवीस तासांत." मी मेडिकलवाला. तोंडात पेढा होता. मी मान डोलावली.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला या लशीच्या जोडीने इम्युनोग्लोब्युलिनचंही इंजेक्शन द्यायचं असतं. ते दिलं गेलं नाही, कारण ते हवं आहे हे ज्याला सुचायला हवं होतं तो पेढा खात होता. भाचा वाचला तो त्या सिस्टरच्या सवयीच्या हातामुळे. हेपटायटिस बीची लस 2011 पर्यंत देशभरातल्या नेहमीच्या लसीकरणात आली होती. बहिणीची थोरली मुलगी 2001 ची. तिच्या वाट्याला तो डोस नव्हता.

2015 मध्ये थकवा यायला लागला. दुपारी शटर अर्धं खाली ओढून झोपायचो. शेवटी नागपूर गाठलं. एसजीपीटी 140, विषाणू लाखांत. टेनोफोविर 300 मिलिग्रॅम, रोज एक, जेवणानंतर. डॉक्टर म्हणाले, हे दीर्घकाळ चालेल, बहुधा कायमचं. मी हो म्हणालो आणि पांढुर्ण्याला उतरल्यावर पहिलं काम केलं ते ब्लेड शोधण्याचं.

आता धाकट्याचं. ते लिहायला मी बरेच दिवस टाळत होतो.

2016 चा पावसाळा होता. तो आमची संत्र्याची बाग पाहायचा. दुकानात आला, दोन्ही हात काऊंटरवर टेकले. बोर्डो मिश्रणाचे निळे डाग नखांत होते, झाडांच्या खोडांना पेस्ट लावून आला होता. म्हणाला, "भाऊ, इथं उजव्या बरगडीखाली जड जड वाटते. जेवलो का फुगते."

मी म्हणालो, "उशिरा जेवतं, मधातच कधी घेतं बी. लिव्हर सुस्त झालं असन."

तो कधीमधी घ्यायचा, महिन्याकाठी एखाद-दुसऱ्या वेळी. एवढं माझ्या निदानाला पुरलं. मी मागच्या फळीवरून लिव्हर टॉनिकची बाटली काढली, गॅसच्या कॅप्सूलचा पत्ता काढला, दोन्ही कागदी पिशवीत घालून दिलं. त्याच्या हातांपासून वीतभर खाली, लाकडाच्या एका फळीपलीकडे, माझी कॅल्शियमवाली डबी होती. त्याने पैसे पुढे केले. मी घेतले नाहीत, आणि मला तेव्हा ते मोठं मन वाटलं होतं.

तो वर्षभर अधूनमधून ते टॉनिक नेत राहिला. फरक पडतो म्हणायचा.

माझी स्वतःची तब्येत मात्र झकास झाली होती. 2017 च्या अखेरीस रिपोर्ट आला, विषाणू आढळला नाही. हे शब्द मी कितीदा वाचले असतील. मी दिवसभर लोकांना सांगणारा माणूस, की अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडू नका. त्यामुळे औषधाला कोर्स असतो आणि कोर्स पुरा झाला की औषध संपतं, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. माझा कोर्स पूर्ण झाला होता. जानेवारी 2018 मध्ये मी गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते नाही म्हणतील हे ठाऊक होतं. ब्लेड-लेबलची कटकट संपली याचा आनंदच जास्त होता.

पुढे हॉस्पिटलातल्या एका तरुण डॉक्टरने मला हे नीट समजावलं, आणि तो वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे मला ते समजलंही. हा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रात शिरतो आणि तिथे आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून बसतो. गोळी त्या कड्याला हात लावत नाही. त्यावरून ज्या नव्या प्रती निघतात, त्या छापणं ती बंद पाडते. रक्तात विषाणू दिसत नाही म्हणजे छपाई थांबली, छापखाना तिथेच आहे. "हरळी आहे काका," तो म्हणाला, "वरून निंदलं तर वावर साफ दिसते." निंदण बंद केलं की ती पूर्वीपेक्षा जोमाने येते, आणि शरीर मग विषाणूवर नाही, आपल्याच यकृतावर तुटून पडतं. यावरच्या जुन्या गोळीला, लॅमिव्हुडिनला, काही वर्षांत विषाणू दाद देईनासा व्हायचा. टेनोफोविर आणि एन्टेकॅविर यांचं तसं सहसा होत नाही, म्हणूनच त्या वर्षानुवर्षं देता येतात. अट एकच, त्या घ्याव्या लागतात.

माझी हरळी पाच महिन्यांनी आली. जूनमध्ये डोळे पिवळे झाले. मी स्वतःच ठरवलं, पावसाळ्याचं पाणी, साधी कावीळ. घरात कुणालाच काही माहीत नसल्यामुळे माय गावच्या एका जाणत्याकडून माळ घेऊन आली. आमच्याकडे अजून चालते ही माळ. पुनर्नव्याच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात आणि डोक्यावर मुकुटासारखी ठेवतात. ती रोज थोडी थोडी लांबत गळ्यात उतरते, मग छातीवर. काड्या वाळून आक्रसतात, गाठी ढिल्या पडतात, दोरा लांब होतो, एवढाच तो चमत्कार. औषधांचा परवाना भिंतीवर लावलेला मी माणूस, ती माळ घालून नऊ दिवस घरात पडून होतो. नवव्या दिवशी माय म्हणाली, "उतरली पाय कावीळ, माळ पोटावर आली." त्या संध्याकाळी मी बायकोचं नाव विसरलो.

मला गाडीत घालून नागपूरला नेलं. एसजीपीटी 1,260, बिलिरुबिन 16, रक्त गोठायला वेळ लागत होता. बायकोने डॉक्टरांना सांगितलं की यांना कसलंही औषध नव्हतं, फक्त कॅल्शियम घ्यायचे. शुद्ध नीट आल्यावर पहिल्यांदा खोटं बोलणं सोडावं लागलं ते तिच्यासमोर.

यकृत बदलावं लागेल का, यावर चार-पाच दिवस बोलणं चाललं होतं. मग आकडे उतरायला लागले. मी वाचलो, यात माझं काहीच कर्तृत्व नाही.

एक दिवस मोठे डॉक्टर माझ्या रिपोर्टच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेनने चित्र काढायला लागले. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. वडील कशाने गेले? अपघात. आई? आहे. आईचे भाऊ? मी म्हणालो, "मामा 1998 ला गेले, एक्केचाळीस वर्षांचे होते. पोटात पाणी झालं होतं. पण दारू नव्हती हो." हे शेवटचं वाक्य आमच्या घरात वीस वर्षं तोंडपाठ होतं. मामा माळकरी, तंबाखूसुद्धा नाही, शनिवार चुकवायचे नाहीत जामसावळीचा. आजी त्यांना तिथल्या निजलेल्या मारुतीच्या नाभीचं पाणी पाजायची. तरी ते गेल्यावर गाव म्हणालंच की चोरून पीत असेल.

डॉक्टरांनी मामांचा चौकोन काळा केला. मग आजीच्या गोलाला प्रश्नचिन्ह, मायच्या गोलाला प्रश्नचिन्ह, मग आम्हा तिघांपर्यंत रेघा ओढल्या. माझ्या गोटमारीच्या टाक्यांबद्दल मी सांगायला लागलो तर ते म्हणाले, मोठेपणी हा विषाणू शिरला तर शंभरात पंच्याण्णव जणांचं शरीर त्याला हाकलून देतं. आईकडून बाळंतपणात आला तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो.

आम्ही नाव, आडनाव, कूळ सगळं बापाकडून मोजतो. हा विषाणू बायकांच्या बाजूने चालत आला होता. आजीच्या माहेराहून, मायच्या माहेराहून, बहिणीबरोबर सौसरला. प्रत्येक लग्नात आडनाव बदललं आणि माग पुसला गेला.

तपासण्या झाल्या. माय पॉझिटिव्ह. बहीण पॉझिटिव्ह. सतरा वर्षांची भाची पॉझिटिव्ह, सहा वर्षांचा भाचा निगेटिव्ह. धाकटा पॉझिटिव्ह, आणि सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात सात सेंटिमीटरची गाठ. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की ती मोठ्या शिरेत शिरली आहे. त्याची बायको-मुलं निगेटिव्ह निघाली.

मी बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "बाराले, पोरगा झाला तवा, तुले मालूम होतं?"

मी म्हणालो, "होतं."

त्या वर्षी ती भाऊबीजेला आली नाही. धाकट्याला ओवाळायला आली होती, मी दुकानात असतानाची वेळ बघून.

धाकटा मार्च 2019 मध्ये गेला. मृगाच्या बहाराची संत्री झाडावर होती. तेरवीच्या आधीच व्यापाऱ्याची गाडी बागेत लागली, कारण फळ थांबत नाही. मी उभा राहून कॅरेट मोजले. वेळेवर कळलं असतं तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी ते दयेपोटी म्हटलं असावं. 2009 ते 2018, वर्षाला दोन, म्हणजे अठरा सोनोग्राफ्या. दोन सेंटिमीटरची असताना सापडलेली गाठ जाळून टाकता येते. हा हिशेब मला पाठ आहे.

त्याने मला कधी काही विचारलं नाही. टॉनिकच्या रिकाम्या बाटल्या मात्र त्याच्या घरात खिडकीत ओळीने होत्या. त्याची बायको त्यांत मनीप्लँट लावायची.

बाकीचं आता रुळलं आहे. 28 जुलै 2018 ला सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे या आजाराची औषधं फुकट मिळायला लागली. कार्यक्रम सुरू झाला त्याच सुमारास मी हॉस्पिटलातून घरी आलो होतो. आज आमच्या डब्या छिंदवाड्याच्या सरकारी दवाखान्यातून येतात, खऱ्या लेबलासकट, खऱ्या नावांवर. मायचं वय आणि हाडं बघून तिला एन्टेकॅविर दिलं आहे. ते उपाशीपोटी घ्यायचं असतं, त्यामुळे ती पहाटे उठून घेते आणि दोन तास चहासाठी तळमळते. सुरुवातीला ती गोळी घ्यायलाच तयार नव्हती, मले काय झालं म्हणायची. हाच आजार अमिताभ बच्चनलाही आहे, 'कुली'च्या वेळी चढवलेल्या रक्तातून आला, असं सांगितलं तेव्हा "अमिताभले?" म्हणून तिने जी गोळी तोंडात टाकली, ती आजतागायत एकही चुकवलेली नाही. मी जेवणानंतर घेतो. वर्षातून दोनदा किडनीचं क्रिएटिनिन बघतो, कारण टेनोफोविर तिथे त्रास देऊ शकतं. सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी. गोळीने कॅन्सरचा धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही, आणि या आजारात लिव्हर कडक झालेलं नसतानाही गाठ येऊ शकते. बहिणीचा रात्री नवाला मिस्ड कॉल येतो. गोळी घेतली, असा त्याचा अर्थ. पहिला कॉल आला तो 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. मी तो उचलायचा नसतो.

भाचीचं जरा वेगळं होतं. तिचं एसजीपीटी नॉर्मल, विषाणू थोडेच. जुन्या हिशेबाने ती औषधाच्या रांगेत बसत नव्हती, नुसती नजरेखाली होती, म्हणजे 2009 साली मी होतो तिथेच. मार्च 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर किंवा सिरोसिस झालेला असेल, तर बाकीचे आकडे काहीही असोत, औषध द्यायला हरकत नाही असं त्यात आहे. डॉक्टरांनी तिच्या फाईलमध्ये दोन माणसं लिहिली. मामा, आजीचा भाऊ. आणि गोळी सुरू केली.

गेल्या वर्षी तिला काटोलचं स्थळ आलं. बहिणीच्या घरी पाहुणे बसले होते. मला बोलावलं होतं, म्हणजे मेडिकलवाला मामा म्हणून. माझ्या मनात होतं की हा विषय आज नको, ठरल्यावर बघू. म्हणजे पुन्हा तेच. भाचीने पोह्यांच्या प्लेटा ठेवल्या आणि शेजारी तिची फाईल ठेवली.

"हे आधी वाचा," ती मुलाला म्हणाली. "काही विचारायचं असेल तर मामांना विचारा. त्यांना सगळं माहीत आहे."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, आणि मग सांगायला लागलो. रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवायचं. नवऱ्याने लस घेतली की त्याला धोका नाही, तीन डोस, आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी, मग अँटिबॉडी तपासायची. गरोदरपणातही ही गोळी चालते, आणि बाळाला जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं. हे सगळं मी एका दमात बोललो. इतकी वर्षं पाठ होतं, म्हणायला जागा मिळाली नव्हती.

मुलाचे वडील चमचा हातात धरून ऐकत होते. "मंग भांडे वेगळे ठेवा लागन का पोरीचे?"

"नाही," मी म्हणालो, आणि भाचीच्या प्लेटमधले पोहे उचलून खाल्ले. ते नाटकी झालं हे मला कळलं. शिवाय त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं, माझ्या अंगात तोच विषाणू आहे. पण ते हसले.

कळवतो म्हणून गेले. महिनाभर काही नाही. मग एका दुपारी दुकानात मुलाचाच फोन आला. पहिला डोस घेतला म्हणाला, काटोललाच, आणि दुसऱ्याची तारीख विचारली.